"आदल्या दिवशी करून ठेव ना!"

"वहिनी, गोडाचं तू बघ. काहीतरी भारी कर, आणि आदल्या दिवशीच करून ठेव म्हणजे तुलाही सोपं."

गेली अकरा वर्षं हे वाक्य ऐकतेय आणि आता ते कानावर पडलं की माझं डोकंच फिरतं. सासरच्या गेट-टुगेदरची यादी ग्रुपवर पडते. कुणी पापड घेतं, कुणी कागदी प्लेटा, कुणी बर्फ आणि कोल्ड्रिंक. बावीस माणसांचं गोड मात्र न विचारता माझ्या नावापुढे, आणि त्याखाली सगळ्यांचे अंगठे.

आणि नुसतं गोड चालत नाही. गुलाबजाम नकोत, ते नेहमीचेच. खीर साधी वाटते. बासुंदी करावी तर डोंबिवलीहून पुण्याला मे महिन्यात ती हिंदकळत न्यायची कशी? खरवसाचा आग्रह धरणाऱ्यांना एवढंही ठाऊक नसतं की त्याला चीक लागतो, आणि चीक गाय-म्हैस व्याल्यावर पहिले दोन-तीन दिवसच मिळतो. आपल्या पार्टीची तारीख बघून म्हैस वीत नाही. गोव्याचं बेबिंक खरंच टिकतं, पण त्यात अंड्यांचा बलक, आणि आमच्याकडे निम्मी माणसं अंडं खात नाहीत. जिलेटिन घातलेलं काही न्यावं तर तेही जनावराच्या हाडा-कातड्यापासून होतं, म्हणजे सासूबाई हात लावणार नाहीत. मग चायना ग्रास. ते घालून नेलं की "जेली का केलीस?"

रेसिपीच्या व्हिडिओंवर माझा वेगळाच राग आहे. "एक दिवस आधी करून ठेवा, पाहुणे थक्क होतील!" करून ठेवता येणं आणि दुसऱ्याच्या घरी नेता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकही बाई सांगत नाही. पदार्थ फ्रिजच्या बाहेर किती वेळ राहील? गाडीत हलला तर काय होईल? एकीने तर कच्चा अननस थेट आटवलेल्या दुधात घालून "रात्रभर मुरू द्या" असं सांगितलं. कच्च्या अननसाने दूध कडू होतं! तो साखरेत शिजवून गार करून घालायचा असतो. माझं दोन लिटर दूध त्या व्हिडिओपायी मोरीत गेलं.

तर या मे महिन्यात हुकूम आला, हापूस चालू आहे, आम्रखंडच कर. ठीक आहे. आता "आदल्या दिवशी" म्हणजे काय ते ऐका. कार्यक्रम रविवारी. गुरुवारी रात्री पाच लिटर म्हशीचं दूध तापवून, कोमट करून विरजण लावलं. शुक्रवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी दही मलमलच्या फडक्यांत बांधलं. या उकाड्यात बाहेर टांगलं तर संध्याकाळपर्यंत आंबट ढाण होतं, म्हणून चाळण्यांवर ठेवून फ्रिजमध्ये, त्यासाठी दोन कप्पे रिकामे केले. शुक्रवारी रात्री आमरस आटवला, कारण कच्चा रस घातला की आम्रखंड सैल पडतं. रस आटताना भाजीच्या रश्शासारखा नुसता उकळत नाही, फटाफट उडतो. मनगटावर दोन डाग अजून आहेत. शनिवारी सकाळी चक्क्यात साखर कालवली, ती विरघळेपर्यंत दोन तास ठेवलं, मग सगळं पुरणयंत्रातून काढलं. साडेतीन किलो! खांदा भरून आला. मग दुधात केशर, वेलची. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवस झाले हे. आणि तुम्ही त्याला "करून ठेव" म्हणता, जणू कपाटात घडी करून ठेवायची साडी आहे.

रविवारी सात वाजता निघालो. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, त्यात डबा. खंडाळ्याच्या घाटात तासभर गाडी हलली नाही. पावणेबाराला पोचले, डबा घेऊन सरळ फ्रिजपाशी गेले, दार उघडलं. पायऱ्यांसारख्या रचलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणि मधल्या कप्प्यात एक अख्खं कलिंगड.

कलिंगड! ते दोन दिवस जमिनीवर पडलं असतं तरी त्याला काही झालं नसतं. मी म्हटलं, हे बाहेर काढूया. "अगं असू दे, गार हवंय सगळ्यांना. तुझं ठेव ना ओट्यावर, आता जेवायचंच आहे." ओट्यावर म्हणजे कुठे, तर जिथे पुऱ्या तळत होत्या तिथे, शेगडीपासून हातभर अंतरावर. आणि "आता" म्हणजे पहिली पंगत अडीचला, आम्ही बायका बसलो साडेतीनला. खोक्यातलं बर्फ तर केव्हाच पाणी झालं होतं.

आम्रखंड वाटीत वाढलं तेव्हा ते पसरलं. रात्री चमचा उभा राहत होता त्यात! बघून मला रडू आलं, खोटं नाही सांगत. आणि तेवढ्यात पलीकडून, "जरा सैल झालंय नाही? पुढच्या वेळी डेअरीतूनच आणू, तिथे छान घट्ट मिळतं. नाहीतर वहिनी, तू ते ग्लासातलं थराथरांचं कर ना, दिसायलाही भारी."

बावीस ग्लास. घाटातून. मांडीवर धरून आणू?

मला कौतुक नको आहे. "तुझ्या हाताला चव आहे" हे ऐकून ऐकून मी तीन-तीन दिवस राबलेय, आता त्या वाक्याने काही होत नाही मला. चव हाताला नसते, ती पाच लिटर दुधात, जागलेल्या रात्रीत आणि गार ठेवलेल्या फ्रिजमध्ये असते. त्यातलं शेवटचं तरी तुम्ही करू शकत होतात. एक कप्पा. तेवढाच मागितला होता.

दिवाळीनंतरच्या भेटीची यादी पडेल तेव्हा मी आधीच लिहिणार आहे. गोड हवं असेल तर यजमानांच्या फ्रिजचा मधला कप्पा आदल्या रात्रीपासून रिकामा. शनिवारी सकाळी पुरणयंत्र फिरवायला घरातला एक पुरुष माझ्या स्वयंपाकघरात हजर. आणि गोड पहिल्या पंगतीबरोबर पानात, मागून नाही. हे जमणार नसेल तर कागदी प्लेटा माझ्याकडे, आणि आम्रखंड ज्यांना सोपं वाटतं त्यांच्याकडे.