तळहातात गाठ आली की लगेच ऑपरेशन? त्या फिरणाऱ्या मेसेजबद्दल थोडं

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, माझ्याकडेच चार जणांकडून आला, कारण माझे हात कसे आहेत ते सगळ्यांना माहितीय. त्यात थोडक्यात असं लिहिलंय: तळहातात गाठ आली आणि बोट आत वळायला लागलं की तो ड्युप्युट्रेनचा आजार, गाठ दिसल्या दिसल्या ऑपरेशन करून घ्या, थांबलात तर शेवटी बोट कापावं लागतं. एकदा कापून काढलं की मुळापासून जातं. सुई आणि इंजेक्शन म्हणजे पैसे वाया. ऑपरेशनचा खर्च काय तो एकदाच, आणि पंधरा दिवसांत हात पहिल्यासारखा. शेवटी तेलाने मालिश करत राहा असंही आहे.

ज्याने लिहिलं त्याचा हेतू चांगलाच असणार. पण मी हे दुखणं नऊ वर्षं दोन्ही हातांत बाळगतोय, उजव्या हाताला सुई झालीय, म्हणजे बोट ओढणारी आतली दोरी सुईच्या टोकाने तोडलीय, डाव्याला मोठं ऑपरेशन झालंय, आणि हा मेसेज वाचून मला खरंच भीती वाटली. ज्याला नुसती गाठ आहे तो उगाच टेबलावर जाऊन झोपेल, आणि ज्याच्या बोटाचा मधला सांधा वळतोय त्याला कळणारच नाही की घाई कुठे करायची असते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी हे नक्की काय असतं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की नस आखडलीय. नस नाही आणि बोट वाकवणारा स्नायूबंधही नाही. तळहाताच्या कातडीखाली एक चिवट पडदा असतो, तो जाड व्हायला लागतो, आधी गाठ, मग गाठीपासून बोटाकडे जाणारी दोरी, आणि ती दोरी वर्षानुवर्षं आखडत बोट आत ओढते. बहुतेक वेळा अनामिका आणि करंगळी. हेन्री क्लाइन नावाच्या इंग्लिश सर्जनने १७७७ मध्येच मृतदेहाचा हात उघडून दोष या पडद्यात आहे हे पाहिलं होतं, पण नाव राहिलं पॅरिसच्या ड्युप्युट्रेनचं, ज्याने १८३१ मध्ये ऑपरेशन करून ते दाखवलं. आणि हो, ट्रिगर फिंगर वेगळं. त्यात बोट अडकतं आणि खट्कन सुटतं, दुसऱ्या हाताने ओढलं की सरळ होतं. आपलं बोट कितीही ओढा, सरळ होत नाही.

आता पहिला मुद्दा, गाठ दिसली की ऑपरेशन. हा सगळ्यात चुकीचा आहे. गाठ येऊन वर्षानुवर्षं तशीच राहिलेली आणि बोट कधीच न वळलेली माणसं भरपूर असतात. नुसत्या गाठीसाठी सहसा कुणी चाकू लावत नाही, कारण चाकू लावल्यानेही तिथे नवीन व्रण तयार होतो. निर्णय होतो तो बोट किती अंश वळलंय आणि कुठल्या सांध्यात वळलंय यावर. तळहात आणि बोट जिथे जुळतात तो मुळाचा सांधा साधारण ३० अंश किंवा जास्त वळला की ऑपरेशनचं बोलतात. बोटाच्या मधल्या सांध्याला मात्र एवढी वाट बघत नाहीत, तिथे १५-२० अंशालाच बरेच सर्जन विषय काढतात.

हा फरक का, ते मला कुणी वेळेवर नीट सांगितलं नाही म्हणून इथे जरा लांबण लावतो. मुळाचा सांधा वाकलेला असताना त्याच्या बाजूचे अस्थिबंध ताणलेले राहतात, त्यामुळे तो सांधा बराच काळ वाकलेला राहिला तरी दोरी तोडली की बहुधा पूर्ण सरळ होतो. मधला सांधा तसा नाही, तो वाकलेला राहिला की त्याचं स्वतःचं आवरणच आखडून बसतं. मग दोरी काढली तरी सांधा पूर्ण उघडत नाही. माझ्या डाव्या करंगळीचं हेच झालं. मी दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं दुखतं का, मी म्हटलं नाही, ते म्हणाले मग राहू द्या, दुखायला लागलं की या. या आजारात सहसा दुखतच नाही! मी दोन वर्षं राहू दिलं आणि मधला सांधा ५० अंशावर गेला. तोंड धुताना तीच करंगळी डोळ्यात जायची, हातमोजा चढवताना ते एकच बोट आत दुमडून बसायचं, खिशातून हात काढताना शिवणीत अडकायचं. नंतर ऑपरेशन चांगलं झालं, पण १५-२० अंश वाक राहिला तो राहिलाच. म्हणजे घाई मलाही करायला हवी होती, पण गाठीची नाही, त्या सांध्याची.

घरी बघायचं तर सोपं आहे. हात टेबलावर पालथा ठेवा, तळहात आणि बोटं टेबलाला सपाट टेकतायत का बघा. टेकत नसतील, खालून पेन्सिल सरकत असेल, तर हाताच्या सर्जनला दाखवायची वेळ आली. मी दर महिन्याला त्याच टेबलाच्या कडेला, त्याच बाजूने, हाताचा एक फोटो काढतो. आपल्याला वाटतं आपल्याला आठवतं, पण नाही आठवत, वाक इतका हळू वाढतो की डोळा त्याला सरावतो, फोटो सरावत नाही.

आणि "बोट कापावं लागतं" ही भीती. होतं तसं, पण फार क्वचित, आणि ते बहुतेक अशा बोटांत जिथे दोन-तीन ऑपरेशनं होऊनही आजार पुन्हा आला, मधला सांधा कायमचा दुमडला, बोट तळहातात रुतून बसलं. लवकर ऑपरेशन केलं म्हणून ते टळेलच असं कुणी सांगू शकत नाही.

दुसरा मुद्दा, मुळापासून जातं. नाही जात. दोरी काढतात, ती तयार करण्याची प्रवृत्ती काढता येत नाही, ती पुष्कळदा घराण्यातून आलेली असते. नेदरलँड्समधल्या २०१२ साली छापलेल्या एका अभ्यासात रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत वाटलं, एका गटाला सुई आणि दुसऱ्याला ऑपरेशन. ५ वर्षांनी सुईवाल्यांत ८४.९ टक्के ठिकाणी वाक पुन्हा आला होता, ऑपरेशनवाल्यांत २०.९ टक्के. म्हणजे ऑपरेशन नक्कीच जास्त टिकतं, पण त्यातही पाचातल्या एकाला परत आलं. ज्यांना कमी वयात सुरू झालं, दोन्ही हातांत आहे, घरात अजून कुणाला आहे, बोटांच्या पेरांवर मागून गाठी आहेत किंवा तळपायातही गाठी आहेत, त्यांच्यात परत यायची शक्यता जास्त धरतात. अशांच्या हाताची कधीकधी वरची कातडीही काढून दुसरीकडची लावतात, त्याने परत येणं कमी होतं पण ऑपरेशन मोठं होतं. आणि दुसऱ्यांदा त्याच जागी जाणं पहिल्यासारखं नसतं, व्रणात संवेदनेच्या नसा आणि रक्तवाहिन्या चिकटलेल्या असतात, त्यांना इजा व्हायची भीती वाढते. पहिलं ऑपरेशन कधी करायचं हा विचार म्हणून जपून करायचा.

सुई आणि इंजेक्शन म्हणजे पैसे वाया, यात अर्धं खरं आहे आणि ते मी मान्य करतो, वरचेच आकडे बघा. फिनलँडमध्ये ३०२ रुग्णांवर ऑपरेशन, सुई आणि दोरी विरघळवणारं इंजेक्शन असे तिन्ही उपाय समोरासमोर ठेवून बघितले, २०२४ मध्ये छापून आलं. ३ महिन्यांनी तिन्ही सारखेच होते, प्रत्येकात सत्तरीच्या थोडं वर टक्के यशस्वी. पण २ वर्षांनी ऑपरेशन ७८ टक्के, इंजेक्शन ६५, सुई ५०. मग सुई वाया गेली का? माझी नाही गेली. उजव्या अनामिकेच्या मुळाशी दोरी होती, हात बधिर केला, सुईच्या टोकाने दोरी ठिकठिकाणी करवतल्यासारखी तोडली, आतून करकर जाणवत होतं, मग डॉक्टरांनी बोट हळूच मागे ओढलं आणि काडी मोडल्यासारखा आवाज येऊन बोट सरळ. टाके नाहीत, छोटी पट्टी, आठवड्याच्या आत मी टाइप करत होतो. तीन वर्षं बोट सरळ राहिलं, मग हळूहळू परत वळायला लागलं. त्या तीन वर्षांत माझं एकही काम अडलं नाही. ज्याचं वय झालंय, ज्याला कामावर दीड-दोन महिने सुट्टी घेणं शक्यच नाही, ज्याला मोठी भूल झेपणार नाही, ज्याची दोरी मुळाच्या सांध्याशी स्पष्ट हाताला लागते, त्याला सुई हा समजून घेतलेला सौदा आहे, आणि ती पुन्हाही करता येते. मधल्या सांध्यासाठी मात्र मी सुईवर भिस्त ठेवणार नाही.

इंजेक्शन म्हणजे कोलॅजिनेज, दोरी विरघळवणारं. अमेरिकेत २०१० मध्ये मंजूर झालं, पण युरोपातून कंपनीने २०२० मध्ये ते काढून घेतलं, कारण धंद्याचं होतं, सुरक्षेचं नव्हे. त्यामुळे कित्येक ठिकाणी हा पर्यायच उरलेला नाही, आणि आहे तिथे महाग आहे.

आता खर्च एकदाच, हा मुद्दा. इथे माझा स्वतःचा हिशोब चुकला होता म्हणून कळवळून सांगतो. मी फक्त ऑपरेशनचं बिल विचारलं. सर्जन, थिएटर, भूल, हे त्यात होतं. जे नव्हतं ते असं: ड्रेसिंगच्या फेऱ्या, हाताच्या थेरपिस्टचे आठवड्याला एक-दोनदा असे कित्येक आठवडे, स्प्लिंट म्हणजे बोट सरळ धरून ठेवणारा आधार, गाडी चालवता येत नाही म्हणून प्रत्येक फेरीला कुणालातरी सोबत घेणं आणि त्याचीही रजा, माझे बुडालेले दिवस. थेरपीबद्दल मला ऑपरेशनच्या आदल्या दिवशीपर्यंत कुणी अक्षर बोललं नव्हतं, आणि थेरपी सोडली असती तर बोट व्रणातच आखडलं असतं. शिवाय पाचातल्या एकाला परत येतं हे धरलं तर त्या दुसऱ्या खेपेचाही थोडा भाग पहिल्याच हिशोबात मांडायला हवा. सुई स्वस्त वाटते, पण पाच वर्षांत दोनदा-तीनदा करावी लागली तर बेरीज बदलते. म्हणून बिल ऑपरेशनचं विचारू नका, त्या हाताचं पाच वर्षांचं मांडा.

विचारायचंच तर असं विचारा: थेरपी यात धरलीय का, किती बैठका? चुकून नस दुखावली आणि ती जोडावी लागली तर तो खर्च कुणाचा? माझ्या विम्यात सुईचा उपाय बसतो का, की रात्रभर दाखल झालं तरच पैसे मिळतात? भूल फक्त हातापुरती देता येईल का? आणि रात्रीचा स्प्लिंट सरसकट द्यायला लागले तर थोडं अडवा, इंग्लंडमध्ये १५४ रुग्णांवरच्या २०११ च्या अभ्यासात सगळ्यांनाच रात्री स्प्लिंट घालून काही जास्त फायदा दिसला नव्हता. बोट परत आखडायला लागलं तर स्प्लिंटचं ठीक आहे.

पंधरा दिवसांत हात पहिल्यासारखा? पंधरा दिवसांत टाके निघतात, एवढंच. तिसऱ्या आठवड्यात मला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, नागमोडी टाक्यांची ती जागा लाल आणि कडक होती, आणि मूठ वळताना करंगळी तळहातापासून दोन बोटं लांब राहायची. रोज दर दोन तासांनी मूठ आणि सरळ, मूठ आणि सरळ, सहाव्या आठवड्यात टेकली. बहुतेकांना ६ ते १२ आठवडे धरावेच लागतात, हाताने जड काम असेल तर जास्त. बोटाच्या एका कडेला बधीरपणा, थंडीत बोट दुखणं, पकड कमी वाटणं हे महिनोन् महिने राहू शकतं. थोड्या लोकांचा हात सुजून, तापून, सतत दुखत राहतो, अशी लक्षणं दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दाखवायचं.

तेल आणि मालिशबद्दल दोनच शब्द, त्याने दोरी थांबते असं कुठे सिद्ध झालेलं नाही. अगदी सुरुवातीच्या गाठीला काही ठिकाणी रेडिएशन देतात, आणि अ‍ॅडॅलिमुमॅब नावाचं इंजेक्शन गाठीत देऊन ती मऊ आणि लहान होते असं २०२२ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं, पण वळलेलं बोट यातलं काहीही सरळ करत नाही.

माझं आत्ताचं सांगतो. उजवी अनामिका मुळाशी २० अंशाच्या आसपास परत आलीय, फोटोत स्पष्ट दिसतं. ३० झाली की पुन्हा सुईच करणार, सर्जनशी बोलून ठेवलंय. आणि उजव्या करंगळीच्या मधल्या सांध्यात थोडा जरी वाक दिसला तर त्याच महिन्यात दाखवायला जाणार, दुखो अगर न दुखो.