“इंजेक्टर बदलायचा सोडून अर्थिंग का घासत बसलात?” या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, आतेभावाच्या ट्रकच्या थरथरीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज दुकान उघडायच्या आधी शांतपणे परत वाचली. वडोदऱ्यात वीस वर्षं डिझेलचं काम करणारा माणूस एवढं सविस्तर लिहितो तर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटलं नाही, म्हणून वेगळंच लिहितोय.

तुमचं म्हणणं असं की गाडी नऊ महिन्यांची, वॉरंटीत, स्कॅनरवर तीन नंबर इंजेक्टरचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो) कोड सरळ दिसत होता, तरी मी मल्टीमीटर घेऊन अर्थिंग (बॅटरीचा निगेटिव्ह चासीला जोडला जातो तो जोड) शोधत बसलो, चार दिवस घालवले, आणि बोल्ट घासल्यावर गाडी ठीक झाली हा योगायोग. नव्या गाडीचं अर्थिंग जात नसतं. थरथर मेकॅनिकल, मीटर बंद पडणं इलेक्ट्रिकल, दोन्हीची खिचडी करून मी मालकाची वॉरंटी धोक्यात घातली. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे अशीच एक गाडी उभी आहे, एक इंजेक्टर बदलून झाला, आता दुसरा मागवताय. हे वाचलं आणि मला राहवलं नाही.

आधी जिथे तुमचं बरोबर आहे ते सांगतो. “नव्या गाडीत इंजेक्टर जात नाहीत” असं मी लिहिलं होतं. हे चूक आहे. पाणी मिसळलेलं डिझेल एकदा टाकीत गेलं की गाडी नऊ महिन्यांची आहे का नऊ दिवसांची हे इंजेक्टर बघत नाही, कॉमन रेलचं (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या एकाच नळीचं) प्रेशर दीड-दोन हजार बारपर्यंत जातं आणि आतल्या फटी मायक्रॉनच्या असतात. ते वाक्य मी काढलंय. दुसरं म्हणजे रिटर्नचं (इंजेक्टरमधून परत येणाऱ्या डिझेलचं) माप घेतलं का हे तुम्ही विचारलंत, ते घेतलं होतं पण लिहिलं नव्हतं. या इंजिनात रिटर्न हेडच्या आतूनच जातो, त्यामुळे सहा बाटल्या लावून एकेका इंजेक्टरचं माप घेता येत नाही, सगळ्यांचा मिळून एक मिनिटाचा रिटर्न मापाच्या बरणीत घेतला, तो कंपनीच्या मर्यादेत होता. रेल प्रेशर मागितलं तेवढंच येत होतं. डिझेल काढून रात्रभर काचेच्या बरणीत ठेवलं, खाली पाण्याचा थेंब नाही.

आता गाडी. माझ्या आतेभावाची, बीएस-६, चोवीस व्होल्टची, चासी घेऊन बॉडी इथेच इंदूरला बांधून घेतलेली. मूळ लेखात हे बॉडीचं मी एका ओळीत उरकलं, खरं तर सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

तक्रार अशी होती की धामनोदकडून मानपूरचा घाट चढताना, माल भरलेला असताना, बहुतेक वेळा रात्री, अकराशे-तेराशे आरपीएमवर इंजिन एकदम थरथरायचं, दोन-तीन झटके मारायचं, आणि त्याच क्षणी मीटरचे सगळे काटे खाली पडायचे, इंजिनचा, एबीएसचा (ब्रेकचा), युरियाचा (धूर साफ करणाऱ्या यंत्रणेचा) असे सगळे दिवे एकदम पेटायचे आणि सेकंदाभरात सगळं परत जागेवर. ड्रायव्हर म्हणायचा, “भैया, मीटर झपकी लेता है.” तीन वेळा गाडी सर्व्हिसला गेली, तीन वेळा त्याने हे सांगितलं, जॉब कार्डावर एकदाही आलं नाही. कार्डावर काय आलं तर “इंजिन मिसिंग”. मग पहिल्या वेळी इंजेक्टर बदलला, दुसऱ्या वेळी फिल्टर आणि सॉफ्टवेअर, तिसऱ्या वेळी सांगितलं की ड्रायव्हर हाफ क्लचवर गाडी ओढतो. आतेभावाने त्याच्या पगारातून तीन हजार कापले. माणूस खरं सांगत होता आणि पैसे त्याचेच गेले, हे मला अजूनही सहन होत नाही.

म्हणून मी आधी स्कॅनर लावला नाही, ड्रायव्हरला चहा पाजला आणि अर्धा तास नुसतं विचारत बसलो. कधी होतं, दिवे चालू असताना का, ब्लोअर चालू असताना का, रिकाम्या गाडीत होतं का, सकाळी सेल्फ कसा उचलतो. तो म्हणाला सेल्फ कधी कधी नुसता “टक” करतो, दुसऱ्यांदा किल्ली फिरवली की लगेच लागतो. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मग स्कॅनर लावला. आणि इथे मी तुमच्याशी सरळ असहमत आहे, कारण कोड तुम्ही अर्धाच वाचताय. तीन नंबरचा कोड होता एसपीएन (कुठला भाग ते सांगणारा आकडा) ६५३, बरोबर, पण त्याच्यापुढे एफएमआय (दोष कुठल्या प्रकारचा ते सांगणारा आकडा) ५ होता. ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं. इंजेक्टर आतून अडकला, मेकॅनिकल काम करत नाही, असं ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) म्हणायचं असेल तर ७ येतो. म्हणजे ईसीयू सांगत होता की मी करंट ढकलतोय पण जात नाहीये. सोलेनॉइड इंजेक्टर उघडायला ईसीयू आतल्या आत व्होल्टेज वाढवतो, त्याला स्वतःलाच सप्लाय नीट मिळाली नाही तर तो काय वाढवणार. शिवाय हा इंजेक्टर सर्व्हिसवाल्यांनी आधीच नवा टाकलेला होता आणि तक्रार जशीच्या तशी होती.

पण मी ज्या कोडवर थांबलो तो वेगळाच. एसपीएन १६८, म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज, आणि त्याच्यापुढे एफएमआय ३ आणि ४ दोन्ही. ३ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी. बॅटरी कमजोर झाली तर कमीचा येतो, अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेला तर जास्तीचा येतो. एकाच गाडीत, एकाच आठवड्यात दोन्ही कसे येतील? एकच सरळ कारण मला सुचलं, की चालत्या गाडीत बॅटरी मधूनच सर्किटमधून सुटतेय. बॅटरी ही अल्टरनेटरसाठी गादीसारखी असते, लोड वाढला-घटला की धक्का ती झेलते. गादी काढून घेतली की अल्टरनेटर एकटा पडतो, हेडलाइट लावले की व्होल्टेज धाडकन खाली, लोड सुटला की वर. ईसीयू, एबीएस, मीटर, युरियाचा मॉड्यूल सगळे त्याच ताटात जेवतात, म्हणून सगळ्यांच्या तक्रारी एकदम. चार मॉड्यूलमध्ये “कम्युनिकेशन तुटलं” असे कोड होते. वायरिंगचा संशय होताच, म्हणून बॅटरी काढून कॅनच्या (सगळे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या) दोन वायरींमध्ये ओहम मोजले, ६० आले. दोन्ही टोकांना १२०-१२० चे रेझिस्टन्स असतात, एकत्र ६० दिसायला हवेत. १२० आले असते तर एक टोक सुटलंय, ४० च्या आसपास आले असते तर कुणीतरी जीपीएस वगैरे जोडताना तिसरा रेझिस्टन्स घातलाय असं समजलो असतो. वायरिंग हलवून, दाबून, वाकवून पाहिलं, ६० चे ६०.

मग मल्टीमीटर, ज्याच्यावर तुमचा सगळा राग आहे. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (केबलच्या टोकाच्या थिंबलवर नाही, शिशाच्या खांबावर), दुसरी चासीच्या उघड्या लोखंडावर, आणि पोराला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे दोन-तीन दशांश व्होल्ट दिसायला हवेत, अर्धा म्हणजे खूप झाला. आले १.६. ओहमवर लावून बघितलं तर तीच केबल एकदम चांगली दाखवते, कारण ओहममीटर नखाएवढा करंट सोडतो आणि सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. अर्थिंग लोड टाकूनच मोजायचं असतं. सर्व्हिसवाल्या पोरांनी पण तपासलं होतं, पण गाडी बंद असताना, मल्टीमीटरचा बजर वाजवून. त्यांना दोष देत नाही, एकेका पोरामागे दिवसाला सहा-सहा गाड्या असतात.

बोल्ट उघडला तेव्हाचं सांगतो. बॅटरी बॉक्सच्या मागे चासीवर जो अर्थचा स्टड आहे, त्याच्या थिंबलखाली लाल ऑक्साइडचा थर होता, त्यावर काळा रंग. मधोमध रुपयाच्या नाण्याहून लहान एक गोल, जळून निळसर-तपकिरी झालेला, तेवढ्याच जागेवरून सगळ्या गाडीचा करंट येत-जात होता. दात्यांचा वॉशर गायब. बॉडीवाल्याने टूलबॉक्सचं ब्रॅकेट बसवायला केबल काढली, चासी रंगवली आणि रंगावरच परत कसली. नवीन असताना रंग पिळून थोडा कॉन्टॅक्ट मिळाला, सात-आठ महिने ढकलले, मग माल भरून चढावर चासी पिळवटली की सुटायला लागला. नव्या गाडीचं अर्थिंग कारखान्यातून खराब येत नसेल, मान्य, पण आपल्याकडे ट्रक कारखान्यातून निघून थेट रस्त्यावर येतो कुठे? मध्ये बॉडीवाला, म्युझिक सिस्टमवाला, जीपीएसवाला. या गाडीत म्युझिक सिस्टम दोनपैकी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट काढून दिली होती, एक बॅटरी १२.७, दुसरी १२.२. तेही सोडवलं, चोवीसचा बाराला करणारा कन्व्हर्टर लावून दिला.

आता योगायोगाचं. तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न हा होता की थरथर आधी असेल आणि तिच्यामुळे बोल्ट ढिला पडला असेल, मग मूळ दोष इंजिनातच. हा विचार माझ्याही डोक्यात आला होता, म्हणून तर चार दिवस लागले. बोल्टला हात न लावता मी एक जाड जंपर केबल बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट चासीच्या घासलेल्या लोखंडावर आणि इंजिन ब्लॉकवर टाकली, नीट बांधली, पिथमपूरचा माल भरलेलाच होता, गुजरीपर्यंत उतरलो आणि रात्री हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू ठेवून घाट चढलो. काहीच नाही. मल्टीमीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवतो) ईसीयूच्या सप्लायला लावलेला, सगळ्यात कमी २७.१, सगळ्यात जास्त २८.४. दुसऱ्या रात्री जंपर काढली, तोच घाट, तोच माल. चौदाव्या किलोमीटरला थरथर, मीटर अंधार, मिन-मॅक्सवर ९.८ आणि ३३. तिसऱ्या रात्री जंपर परत लावली, परत शांत. इंजिनचे फाउंडेशन, क्लच, जॉइंटचे क्रॉस सगळं जिथल्या तिथे होतं, यातलं काही बदललं नव्हतं. लाइव्ह डेटामध्ये सहाही सिलिंडरचं करेक्शन (ईसीयू प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करतो ते) सारखं. दोष इंजेक्टरचा असता तर तो तीन नंबरला चिकटून राहिला असता, जंपर केबल लावून गप्प बसला नसता.

त्यानंतर चौथ्या दिवशी स्टड पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन थिंबल, दात्यांचा वॉशर, कसून वरून व्हॅसलीन. सेल्फ मारताना ०.२. गाडीने त्यानंतर अकरा हजार किलोमीटर केले आहेत.

वॉरंटीची तुमची काळजी रास्त आहे. एकही वायर कापली नाही, कुठल्या वायरीत सुई टोचली नाही, कोड खोडायच्या आधी सगळ्यांचे फोटो काढले आणि आतेभावाकडून ते सर्व्हिस सेंटरला लेखी पाठवले. मालकांना एकच सांगतो, प्रत्येक वेळी तक्रार ड्रायव्हरच्या शब्दांत जॉब कार्डावर लिहून घ्या, किलोमीटरसकट, आणि कॉपी घेतल्याशिवाय निघू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून गाडी चालवणारा मालक ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक धरला जाऊ शकतो, व्यापारी कामाची गाडी आहे म्हणून लगेच हात वर करायची गरज नाही. पण त्यासाठी कागद लागतो, तोंडी सांगितलेलं तिथे चालत नाही.

बॉडीवाल्यांवर मी खापर फोडलं असं तुम्हाला वाटलं. तसं नाही. तो मिस्त्री दुसऱ्या दिवशी स्वतः बघायला आला होता, गप्प झाला, म्हणाला आम्हाला कुणी शिकवलंच नाही. आता तो वेल्डिंगच्या आधी बॅटरीचे खांब सोडतो, ईसीयूचे कपलर काढतो आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप जिथे टाका मारायचा त्याच्या शेजारीच लावतो. हे मी त्याला त्याच्याच भिंतीवर खडूने लिहून दिलंय.

तर दादा, तुमच्या दारात उभी आहे त्या गाडीचा इंजेक्टर आज मागवू नका. आधी एफएमआय किती आहे ते बघा, १६८ चा कोड आहे का ते बघा, कोड खोडू नका. मग बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते चासी, आणि खांब ते इंजिन ब्लॉक, दोन्ही ठिकाणी सेल्फ मारताना मोजा, आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. दोन्ही ठिकाणी अर्ध्या व्होल्टच्या खाली आलं आणि एफएमआय ७ निघाला, तर तुमचा संशय बरोबर, इंजेक्टर मागवा, मी इथेच तसं लिहीन. आकडे खाली टाका, मी दुकान बंद करून साडेसातनंतर बघतो.