पोरांना उत्क्रांतीपासून वाचवायचे घरगुती उपाय

पालकहो, घरात नववी-दहावीचं पोर असेल तर हातातलं काम बाजूला ठेवा आणि हे वाचा. मोबाईल, रील्स, रात्रीची बुर्जी-पाव, पहिलं प्रेम, या सगळ्यातून पोरं सुटतात हो. पण एकदा उत्क्रांती डोक्यात शिरली की कार्यक्रम संपला, मग ते पोर दिसेल त्या गोष्टीला "कशावरून?" विचारत सुटतं, आणि कशावरून विचारणारं पोर घरात असणं म्हणजे काय भोग असतो ते माझ्याकडून ऐका.

अनुभवानं सांगतोय. मागच्या शनिवारी लेकीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. (शाळेचं नाव सांगणार नाही, पोरगी अजून तिथंच आहे.) तिनं 'माणसाची उत्क्रांती' असा चार्ट केला, तीन रात्री जागून. निअँडरथलच्या भुवया काढता काढता तपकिरी स्केचपेन संपलं म्हणून मी रात्री साडेनऊला महाद्वार रोडला गेलो, गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास गेला, ते जाऊ दे. सकाळी चार्ट टेबलावर चिकटवून झाला. पाहुणे यायच्या आधी वीस मिनिटं एक सर आले, चार्ट वाचला, अगदी शेवटपर्यंत वाचला, "छान काढलंय बाळ" म्हणाले, आणि स्टाफरूममधला हिरवा टेबलक्लॉथ आणून त्याच्यावर अंथरला. "पाहुणे यायचेत, उगाच वाद नको." टेबल रिकामं दिसायला नको म्हणून वर सातवीच्या पोरांचा खायच्या सोड्याचा ज्वालामुखी ठेवला.

"पप्पा, मी तीन दिवस झोपलो नाही, आता मी काय सांगू पाहुण्यांना?" (कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतात, व्याकरणवाल्यांनी गप्प बसावं.)

तर माझ्यासारखी वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हे उपाय.

सगळ्यात आधी पोराला एक प्रश्न पाठ करून द्या: माकडापासून माणूस झाला तर आजची माकडं माणूस का होत नाहीत? जगात याला तोड नाही. आमच्या पाहुण्यांनीही भाषणात हाच टाकला आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. आता कुणी शहाणा म्हणेल की अहो, आपण आजच्या माकडांपासून झालोच नाही, आपला आणि चिंपांझीचा पूर्वज एक होता, ६०-७० लाख वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या. म्हणजे आजोबा एक असले म्हणून चुलतभाऊ काय आपला बाप होत नाही, आणि मी कोल्हापुरात वाढलो म्हणून पुण्यातल्या चुलतभावानं पण तांबडा रस्सा ओरपलाच पाहिजे असं नाही. हे इतकं सोपं आहे की पाचवीच्या पोराला कळतं. म्हणून तर पाचवीच्या पोराला सांगायचं नाही.

दुसरा उपाय, साक्षीदार मागा. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातले तेव्हाचे शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला बोलून गेले की डार्विन शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, आपल्या पूर्वजांनी माकडाचा माणूस होताना बघितल्याचं कुठं लिहिलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून पत्रक काढलं की या म्हणण्याला शास्त्रीय आधार नाही. पण साहेब आधी मुंबईचे पोलीस आयुक्त होते, त्यांना पंच आणि साक्षीदार लागणारच की. आता तोच नियम आपण घरात लावू. मी माझे खापरपणजोबा बघितलेले नाहीत. माझ्या वडिलांनी पण नाही. म्हणजे ते नव्हतेच. पण सातबाऱ्याला त्यांचं नाव आहे, जुन्या फेरफारात आहे, आणि भावकीत बांधावरनं भांडण लागलं की तोच फेरफार घेऊन आम्ही तलाठ्याकडं पळतो. तिथं कुणी म्हणत नाही की तुमच्या खापरपणजोबाला जमीन वाटताना कुणी बघितलंय का. कागद बोलतो. तसाच कागद आपल्या अंगात आहे हो! चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. एक जोडी गेली कुठं? गेली नाही, दोन गुणसूत्रं टोकाला टोक जुळून एक झाली, आपलं दोन नंबरचं गुणसूत्र ते हेच, आणि जिथं सांधा झाला तिथं टोकांच्या खुणा अजून मधोमध दिसतात. दोन गट एकत्र केले की जुना बांध जमिनीत दिसत राहतो ना, अगदी तसं. अर्धा गुंठा जमिनीसाठी पन्नास वर्षांचे कागद उकरणारी माणसं आपण, आणि स्वतःच्या रक्तातला फेरफार वाचायचा म्हटलं की "कुणी बघितलंय?"

आवाज चढला. सॉरी. उपदेश चालू ठेवतो.

मराठी भाषेची साफसफाई करून घ्या. ही भाषा फितूर आहे. आमच्या रस्त्यांवर गाडीवरनं आपटून बूड दुखतंय म्हणून दवाखान्यात जा, एक्स-रे बघून डॉक्टर काय म्हणतात? माकडहाडाला मार लागलाय. माकडहाड! आई अंबाबाई, हे माकड माझ्या हाडात कधी घुसलं? पोट दुखलं तर आंत्रपुच्छ, म्हणजे तिथंही पुच्छ आहेच. त्यापेक्षा 'आसनास्थी' वगैरे काहीतरी सोवळा शब्द काढा. ही सगळी पूर्वजांकडनं उरलेली, आता फारशी कामाची नसलेली अंगं, म्हणजे अवशेषांगे. अक्कलदाढही त्यातलीच, पण ती तेवढी राहू दे, ती बऱ्याच जणांना येतच नाही.

खासबागेत कुस्तीला पोराला नेऊ नका. हलगी तापली की अंगावर काटा येतो आणि पोर विचारतं का येतो. अंगावर दाट केस असणाऱ्या आपल्या पूर्वजांचे केस थंडीत, भीतीत फुगायचे, केस गेले, काटा राहिला, असं उत्तर आहे. द्यायचं नाही. "देवाची करणी" म्हणा आणि भेळ घेऊन द्या.

दाजीपूरला सहलीला गेलात तर गवा दाखवा आणि परत फिरा. पाली बघायच्या नाहीत. २००९ मध्ये एका पालीला शास्त्रज्ञांनी चक्क आपल्या गावाचं नाव दिलं, नेमास्पिस कोल्हापुरेन्सिस, आणि सह्याद्रीत या डोंगरावरची पाल वेगळी, त्या डोंगरावरची वेगळी असं का असतं याचं उत्तर देताना गाडी परत डार्विनवरच येते. जगात भारी कोल्हापुरी, पण पालीपुरतं नको.

शेतकरी असाल तर रानातही जपून. ऊस ८६०३२ लावायचा, पण तो आला कुठनं हे बोलायचं नाही. कोईमतूरला पिढ्यान्‌पिढ्या संकर करून, हजारो रोपांतनं चांगलं तेवढं निवडत ही वाणं काढतात. डार्विननंही १८५९ च्या पुस्तकाची सुरुवात अशीच केली होती, माणूस निवड करून जनावरं कशी बदलतो इथनं. स्वतः कबुतरं पाळायचा गडी, लंडनच्या कबुतरवाल्यांच्या क्लबात जाऊन बसायचा. आमच्या पेठेतल्या ढाबळवाल्यांशी त्याचं छान जमलं असतं. माणसानं निवडलं तर काही वर्षांत एवढा फरक, मग निसर्गानं कोट्यवधी वर्षं निवडलं तर काय होईल, एवढाच त्याचा प्रश्न. आमच्या गंगावेशीतल्या म्हशीवाल्याला हे दोन मिनिटांत पटतं, कुठल्या म्हशीच्या पोटचं रेडकू ठेवायचं हे त्याच्या बापानं, आज्जानं बघितलेलं असतं. पटत नाही ते शिकलेल्यांना.

अँटिबायोटिकचा कोर्स बरं वाटलं की तिसऱ्या दिवशी सोडून द्या. उरलेले जंतू बदलतात वगैरे अफवा आहे.

आणि कोरोना विसरा. डेल्टा २०२० च्या शेवटी पहिल्यांदा आपल्याच देशात सापडला, मागनं ओमिक्रॉन आला, सगळं जग टीव्हीवर विषाणू बदलताना बघत होतं, रोज संध्याकाळी आकडे, ऑक्सिजन, सीपीआरमध्ये, म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यात, बेड आहे का म्हणून फोन. तुमच्या डोळ्यांदेखत झालं. साक्षीदार पाहिजे होता ना? घ्या.

आता खास उपाय, दशावतार. पहिलं बक्षीस यालाच मिळालं, 'उत्क्रांतीचा भारतीय सिद्धांत', मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, प्रत्येकाला मागनं एलईडी लाईट. पोरांनी कष्ट घेतले होते, पोरांवर राग नाही. २०१९ च्या जानेवारीत जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये, म्हणजे शास्त्रज्ञांच्या परिषदेत, एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनी हेच सांगितलं होतं, दशावतार डार्विनपेक्षा सरस म्हणून, मग सातवी-आठवीच्या पोरांनी काय करायचं. पण मला एक सांगा. माझी आज्जी एकादशी चुकवायची नाही, दशावताराच्या गोष्टी तिनंच सांगितल्या, नृसिंह खांबातनं बाहेर यायचा तेव्हा मी तिच्या पदरात शिरायचो. तिनं कधी विष्णूला विज्ञानाच्या पेपरला बसवलं नाही. तिला गरजच नव्हती. देवाला डार्विनचं सर्टिफिकेट लागतं असं ज्याला वाटतं त्याची श्रद्धा कच्ची आहे, आज्जीची नव्हती. धार जिल्ह्यात लोक गोल दगड कुलदैवत म्हणून पूजत होते, शास्त्रज्ञांनी बघितलं तर ती डायनासोरची अंडी निघाली, २०२३ ची बातमी आहे. त्यांनी नारळ फोडला काय आणि नाही काय, अंडं अंडंच राहिलं, कोट्यवधी वर्षांचं.

शेवटचा उपाय सगळ्यात पक्का आणि त्याला एक पैसा लागत नाही. दिल्लीवाल्यांनी उगाच बदनामी करून घेतली. शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीनं आधी कोरोनाच्या नावाखाली भार हलका केला, मग २०२३ च्या दहावीच्या पुस्तकातनं उत्क्रांती काढूनच टाकली, आता ज्यानं बारावीला बायोलॉजी घेतलं त्याच्याच नशिबी डार्विन. अठराशेच्या वर शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून पत्र लिहिलं, नुसता बोभाटा. आपल्या बोर्डाकडं बघा. दहावी विज्ञान भाग दोन, धडा पहिला, 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. पुस्तकात रुबाबात आहे. आणि शिकवतात कसा? "अवशेषांगे, टीप लिहा, दोन मार्क. जोडणारे दुवे, पेरिपॅटस आणि प्लॅटिपस, खूण करा. बाकी वाचून घ्या." संपलं. धडा काढायची गरजच नाही! पोरगी प्लॅटिपस पाठ करते आणि अंडी घालून पिलांना दूध पाजणारा तो प्राणी कशाला कशाशी जोडतो हे तिला कुणी सांगत नाही. यावर मोर्चा निघत नाही, पत्र निघत नाही, कारण काही झालेलंच नसतं.

अमेरिकेत १९२५ मध्ये टेनेसी राज्यात स्कोप्स नावाच्या मास्तरवर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला झाला, शंभर डॉलर दंड. उत्क्रांती शिकवायला बंदी करणारा तो कायदा जायला १९६७ उजाडलं. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात डोव्हरच्या शाळेवरनं परत खटला, आणि बुशसाहेबांनीच नेमलेल्या जज्जनं निकाल दिला की 'कुणीतरी बुद्धिमानानं जग घडवलं' हे विज्ञान नाही, वर्गात शिकवायचं नाही. तिथं निदान भांडण तरी झालं हो. समोरासमोर, कोर्टात, नाव लावून. त्या लोकांना मनापासून वाटत होतं की हे पाप आहे. आमच्या सरांना काहीच वाटत नव्हतं! तेच सर प्रायव्हेट क्लासमध्ये हाच धडा शिकवतात, पैसे घेऊन, झकास शिकवतात. त्यांचा डार्विनशी वाद नाही. पाहुणे पाण्याचा फिल्टर देणार होते.

भीती वाटते हे मी समजू शकतो. याच गावात २०१५ च्या फेब्रुवारीत अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारे कॉम्रेड गोविंद पानसरेअण्णा सकाळी फिरून येताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यानंतर कोण घाबरला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण सर, तुमच्यासमोर बंदूक नव्हती. फिल्टर होता. कुणी धमकी दिली नव्हती, पाहुण्यांनी तो चार्ट बघून हूं का चूं केलं नसतं, कदाचित वाचलाही नसता. तुम्ही कुणी सांगायच्या आधीच टेबलक्लॉथ आणलात. शाहू महाराजांनी १९१७ ला या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोरं शाळेत पाठवली नाहीत तर आईबापाला दंड, तो पोरांनी पेरिपॅटसवर खूण करावी म्हणून नव्हे. महाराजांचा फोटो त्याच सभागृहात होता, हार घालून. लाज वाटायला पाहिजे होती. चौदा वर्षांच्या पोरीनं रात्रभर जागून खरं काहीतरी काढलं आणि तुम्ही ते झाकलंत, कुणाची मागणी नसताना. आणि पालक, तुम्ही पण. ग्रुपवर "विज्ञान प्रदर्शन यशस्वी" म्हणून हात जोडलेले चाळीस इमोजी टाकलेत, एकानं तरी विचारलं का त्या ज्वालामुखीखाली काय होतं? पोराचे मार्क कमी पडले तर पेपर उघडून बघायला धावता तुम्ही.

मी पण काही वेगळा नाही. माकडाच्या प्रश्नावर सभागृहानं टाळ्या वाजवल्या तेव्हा मी दुसऱ्या रांगेत बसलेलो. शेजारच्यानं वाजवल्या म्हणून मी पण वाजवल्या. पोरगी स्टेजच्या बाजूला उभी होती, तिथनं तिला मी दिसत होतो.

घरी येताना गाडीवर मागं बसून रंकाळ्यापर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही कशाला वाजवलासा?"

चार्ट अजून शाळेतच आहे, टेबलाला चिकटलेला. सोमवारी सोडवून आणायला जाणार आहे.