झाडाचा जामीन

काल संध्याकाळी मी माझ्याच अंगणात, माझ्याच झाडासाठी हात जोडून गयावया केली. समोर शेजारचे आबा कोयता घेऊन उभे. कंपाउंडवर गल्लीतली चार पोरं. रात्रभर ते काही डोक्यातून गेलं नाही.

झाड मोसंबीचं. नऊ वर्षांपूर्वी पोरीनं खाता खाता एक बी फुटक्या कपात खोचली. एका बीतून दोन रोपं आली, तेव्हा घरात चमत्कार झाल्यासारखं झालं होतं. मोसंबीच्या बीत हे नेहमीचंच असतं, ते नंतर कळलं. एक रोप आबांना दिलं, ते त्यांच्या शेळीनं खाल्लं. सुटलं बिचारं. दुसरं साताऱ्यात, शाहूपुरीतल्या आमच्या अंगणात लावलं. आज ते गच्चीला टेकलंय. काटे बोटभर. मोसंबी शून्य.

"मास्तर, झाडाला भ्या दावावं लागतं," आबा म्हणाले. "म्या कोयता उगारतो. तुमी मधी पडायचं. म्हणायचं, तोडू नका, फुडल्या साली देतंय."

"आबा, मी शाळेत विज्ञान शिकवतो."

"मग? झाडाला ठावं हाय व्हय ते?"

यावर काय बोलणार! त्यांनी कोयता उगारला. "देतंस का न्हाई? का घालू घाव?"

"राहू द्या आबा, देईल पुढच्या वर्षी."

"असं न्हवं! वाण्याला उधारी सांगितल्यागत काय बोलताय? रडून बोला. झाडाला पटाय पायजे."

मी आवाज चढवला. हात जोडले. नेमका तेव्हाच पार्सलवाला पोरगा फाटकात आला. "सर, ओटीपी?"

जोडलेले हात तसेच ठेवून मी म्हणालो, "चार, आठ, एक, सात."

आबांचा कोयता खाली आला. "एवढ्या लांबचं साल? तवर म्या ऱ्हातोय व्हय!"

पोरं कंपाउंडवरून खाली पडायची बाकी होती. त्यातली दोन माझ्याच वर्गातली.

दहावीला हेच तर मी फळ्यावर लिहितो. बीपासूनचं झाड म्हणजे लेकरू, त्याला आधी सगळं बालपण काढावं लागतं. कलमाचा डोळा फळत्या झाडावरून घेतलेला, म्हणजे तो वयात आलेलाच असतो. तो जंभेरी लिंबाच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, बांधला की तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरतो. मोबाईलवर मात्र जो तो सांगतो, बी टोचा आणि घरची मोसंबी खा. कधी खा, ते कुणी सांगत नाही. पाणी पाजलं, शेणखत घातलं, पाखराच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या रोज सकाळी काडीनं वेचल्या. ज्या सुटल्या त्यांची फुलपाखरं झाली. नऊ वर्षांत झाडानं एवढंच पीक दिलं. आणि पुण्याहून पोरगी दर रविवारी विचारते, "लागली का?" जसं काही मीच अडवून धरलंय. कलम चारशेला मिळतं, हे तर येणारा-जाणारा प्रत्येक जण ऐकवतो. मिळू दे. आता घेतलं तर या नऊ वर्षांचं काय करू?

एवढं सगळं झाल्यावर आबा म्हणाले, घसा सुकला, सरबत करा. मंडईत जाऊन दोन लिंबं आणली. वीस रुपये.

आज सात वाजायच्या आत कंपाउंडवरून हाक आली. "मास्तर, कळी दिसती का?"

"नाही."

उद्या ते कुऱ्हाड आणणारेत. आणि मला जरा जोरात रडायला सांगितलंय.