डिस्क परत आली, गेम नाही आला

उसनी दिलेली छत्री परत येत नाही, पुस्तक परत येत नाही, हे आपण धरूनच चालतो. कॉम्प्युटर गेमच्या डिस्कचं दुखणं वेगळं आहे. ती परत येते. सांगितलेल्या दिवशी येते, कधी कधी रुमालाने पुसूनही येते. पण डिस्क आली म्हणजे गेम आला असं जो समजतो, त्याने अजून कोणाला गेम उसना दिलेला नाही, असं मी खुशाल समजतो.

मागणारा म्हणतो, "डिस्क दे ना दोन दिवस." देणाऱ्याच्या हातून मात्र पाच जिनसा जातात: डबा, डिस्क, मॅन्युअल, सीडी-की म्हणजे गेम टाकताना भरायचा आकडे-अक्षरांचा परवलीचा क्रमांक, आणि त्या कीवर मिळणारा खेळायचा हक्क. जाताना पाचही एकदम जातात, परत येतात ती आपापल्या सवडीने.

डब्यापासून बघा. डिस्क मधल्या बारीक दातांवर बसलेली असते. ते दात बोटाने दाबले की ती आपोआप सुटते. उसनं नेणारा कडेला नखं घालून ओढतो. १.२ मिलिमीटर जाडीची डिस्क धनुष्यासारखी वाकते, दोन दात मोडतात आणि पुढचा सगळा प्रवास ती डब्यात खुळखुळत करते. ओरखडे तिथे पडतात. मग रुमाल निघतो आणि डिस्क ताटासारखी गोल गोल घासली जाते. हे तर फारच वाईट. माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एकाच लांबलचक वेटोळ्यावर लिहिलेली असते. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याचा जरासा तुकडा खातो, तो ड्राइव्ह स्वतः भरून काढतो. वेढ्याच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग मजकूर खातो, आणि सीडीवर सलग साधारण अडीच मिलिमीटरच्या पुढे दुरुस्तीचं गणित हात टेकतं. म्हणून पुसायचं ते मधून कडेकडे, सरळ.

आणखी एक गैरसमज फार लाडका आहे. चमकत्या बाजूला जीवापाड जपायचं आणि छापील बाजूवर बॉलपेनने "राजूची आहे, परत देणे" असं दाबून लिहायचं. सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ लेप. चमकत्या बाजूचा चरा पॉलिश करून निघतो, पण पेनाने थराला पडलेलं भोक कायमचं. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, तिथे राजूचं नाव त्या मानाने सुरक्षित.

इथवरचा त्रास कुठल्याही उसनवारीत असतो. खरी गंमत कॉपी प्रोटेक्शनची, म्हणजे नक्कल होऊ नये म्हणून कंपनीने घातलेल्या कुलपाची.

गेम हार्डडिस्कवर पूर्ण उतरवून घेतला, तरी सुरू होताना तो विचारतो: डिस्क कुठे आहे? म्हणजे ती कुलपाची किल्ली झाली. उसनी दिली की मालकाच्या घरी गेम नुसता बसून राहतो, खेळता येत नाही. एका वेळी एकानेच खेळावं हा त्यामागचा हिशेब, आणि मला तो खरं तर मान्य आहे. पुस्तकही दोन घरांत एकदम वाचता येत नाही. भांडण आहे ते किल्ली ओळखायच्या पद्धतीशी.

सेफडिस्क नावाच्या पद्धतीत डिस्कवरचे काही सेक्टर, म्हणजे माहितीचे ठरावीक कप्पे, कारखान्यातच मुद्दाम बिघडवलेले असत. गेम सुरू होताना त्या जागा वाचून बघायचा. वाचता आल्या नाहीत तर डिस्क अस्सल! साध्या पद्धतीने केलेल्या नकलेत त्या जागा गुळगुळीत, निर्दोष निघायच्या आणि नक्कल पकडली जायची. म्हणजे डिस्कमध्ये खोट असणं हाच तिच्या खरेपणाचा दाखला. आता अशी डिस्क मित्राकडून परत येते, तेव्हा त्याने आपल्या परीने आणखी चार खोटी घातलेल्या असतात. त्या मात्र चालत नाहीत. खराबी हवी, पण कंपनीच्या हातची हवी.

सेक्यूरॉम नावाच्या दुसऱ्या पहारेकऱ्याचा बाणा निराळा. तो डिस्कवरच्या दोन जागांमधलं अंतर ड्राइव्हला फिरायला लागणाऱ्या वेळावरून मोजायचा. कारखान्यात ठोकलेल्या डिस्कची आणि कोऱ्या डिस्कवर घरी लिहिलेल्या नकलेची मापं जुळत नाहीत. कल्पना उत्तम, फक्त मोजपट्टी म्हणून समोरच्याचा धूळ खाल्लेला ड्राइव्ह वापरायचा. लेन्सवर धूळ असली, मोटर दमलेली असली की माप चुकतं आणि अस्सल डिस्क आत असताना पडद्यावर येतं, "कृपया मूळ डिस्क घाला." कधी कॉम्प्युटरवर आभासी ड्राइव्हचा, म्हणजे डिस्क नसताना ती असल्याचं भासवणारा, प्रोग्रॅम दिसला, एवढ्यावरूनही हा रुसतो. तो प्रोग्रॅम भलत्याच कामासाठी घेतलेला असला तरी संशय आला तो आलाच.

यातूनच तो अजरामर संवाद जन्माला येतो.

"तुझी डिस्क खराब आहे रे."

"माझ्याकडे चालते की!"

"मग माझा कॉम्प्युटर खराब आहे का?"

याचं खरं उत्तर पुष्कळदा "हो" असतं, पण मैत्रीत ते देता येत नाही. म्हणून देण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, ड्राइव्ह डीव्हीडीचा आहे ना? जुना सीडी ड्राइव्ह डीव्हीडी घेऊन नुसता घरघरतो. दुसरी, आभासी ड्राइव्ह वगैरे काही टाकलेलं आहे का? तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, विंडोज कोणतं? सेफडिस्कचं काम एसईसीडीआरव्ही डॉट एसवायएस या ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजच्या आत बसणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, चालायचं. त्यात सुरक्षेच्या पळवाटा निघाल्या. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने त्याला दारच उघडलं नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने जुन्या विंडोजवरही तो बंद पडला. डिस्क ठणठणीत, ड्राइव्ह ठणठणीत, कुलूप तेवढं गंजलेलं.

सीडी-की हे चौथं प्रकरण. ती डब्याच्या आत किंवा मॅन्युअलच्या मागे चिकटवलेली असते आणि नेणाऱ्याला ती रात्री अकरा वाजता फोनवरून हवी असते. "बी, बदकातला." "मराठीतून सांगू नकोस, आकडा आहे की अक्षर?" "आठ असेल." "असेल म्हणजे?" बी आणि आठ, ओ आणि शून्य, आय आणि एक. मायक्रोसॉफ्टने आपल्या २५ अक्षरी कीमधून ओ, आय, शून्य, एक ही मंडळी हाकलून दिली होती, याबद्दल मी त्यांचे शंभर गुन्हे माफ करायला तयार आहे. बाकीच्यांना एवढी दया नव्हती. पुष्कळ कीमध्ये शेवटचा आकडा आधीच्यांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एक अक्षर चुकलं की सगळी की बाद. आणि बरोबर लागली तरी इंटरनेटवर खेळताना एका कीवर एकच माणूस. मालक खेळायला जातो तेव्हा उत्तर मिळतं: ही की सध्या वापरात आहे. आपल्याच घराची बेल वाजवावी आणि आतून "कोण पाहिजे?" यावं, तसं.

डिस्कच्या आधीही काही सुखाचे दिवस नव्हते. प्रिन्स ऑफ पर्शिया या गेमची, विंडोजच्या आधीच्या डॉसवरची आवृत्ती मध्येच थांबवून मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर विचारायची आणि त्या अक्षराची बाटली प्यायला लावायची. चुकीची बाटली राजपुत्राला बाधायची. मंकी आयलंडच्या डब्यात, १९९० साली, पुठ्ठ्याची चकती होती. चाच्यांचे अर्धे अर्धे चेहरे फिरवून जुळवायचे आणि खिडकीतलं वर्ष लिहायचं. उसना नेलेला गेम फ्लॉपीसकट परत यायचा आणि चकती तिकडेच राहायची. उलट १९९८ च्या स्टारक्राफ्टने एका सीडीवरून मित्रांच्या कॉम्प्युटरवर "स्पॉन" प्रत टाकू दिली, म्हणजे फक्त मालकाबरोबर नेटवर्कवर खेळण्यापुरती. उसनवारीला कंपनीनेच पाट मांडून बसवलं. असं पुन्हा फार कुणी केलं नाही.

पाचवी जिन्नस हक्क, आणि ती परत आणणं सर्वांत कठीण. २००८ चा स्पोर हा गेम बाजारात आला तेव्हा त्याला तीन ॲक्टिव्हेशन होती, म्हणजे तीनच कॉम्प्युटरवर तो चालू करायची मुभा, ओरड झाल्यावर ती पाच झाली. मित्राच्या कॉम्प्युटरवर एक खर्ची पडतं. पुढे ते सोडवून परत घ्यायचं साधन कंपनीने दिलं, पण ते त्या कॉम्प्युटरवर चालवावं लागतं, फॉरमॅट करायच्या आधी. मित्र आधी फॉरमॅट करतो आणि नंतर डिस्क आणून देतो. पाचातलं एक गेलं, कुणाला दिसलंही नाही.

त्याच्याही आधी, २००४ च्या हाफ-लाइफ २ ने तर हा हिशेबच मिटवला होता. की एकदा स्टीम या इंटरनेटवरच्या गेम-दुकानातल्या खात्यात घातली की ती त्या खात्याची. मित्राने भोळेपणाने आपल्या खात्यात घातली, तर डिस्क परत आणून उपयोग नाही. दिल्या घरी तू सुखी राहा. म्हणून अशा गेमचा डबा देण्याआधी कीचा कागद काढून घ्यावा. मग त्या डिस्कने काहीच सुरू होत नाही हा भाग वेगळा. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रासाठी जाहीर झालेला नियम तर असा होता की गेम द्यायचा तो एकदाच आणि ३० दिवस मित्रयादीत असलेल्यालाच. मैत्री मुरायला महिना लागतो हे आधी कुणी असं मोजून सांगितलं नव्हतं. लोक भडकले आणि त्याच वर्षी जूनमध्ये नियम मागे घेतला गेला.

आता दुकानातून आणलेल्या कित्येक कॉम्प्युटर गेमच्या डब्यात डिस्कच नसते. कागदावर छापलेला कोड असतो, तो एकदा वापरला की संपला. उसना द्यायला उरतो तो नुसता डबा. तोही कुणीतरी मागून नेतो, आत काय आहे ते बघायला म्हणून, आणि परत येतो तेव्हा मधले दोन दात मोडलेले असतात.