बंदी आणि मोबदला एकाच कायद्यात

2024 च्या ऑगस्टमध्ये आई पहिल्यांदाच माझ्याकडे कोस्टा रिकाला आली. मी सान होसेजवळ नोकरी करते, माहेर आंबोलीच्या बाजूला. आई यायच्या दोन-चार दिवस आधीच वायनाडमध्ये दरड कोसळली होती, 30 जुलैला, आणि दुसऱ्याच दिवशी पश्चिम घाटातलं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र ठरवणारा केंद्र सरकारचा सहावा मसुदा निघाला होता. गावच्या ग्रुपवर रान पेटलं होतं. ‘आता कौलं बदलायलासुद्धा परवानगी’, ‘जमीन गेली म्हणून समजा’. मोंतेवेर्देचा घाट चढताना आई हे एकेक मेसेज मला मोठ्याने वाचून दाखवत होती.

मोंतेवेर्दे म्हणजे हिरवा डोंगर. तिथलं मुख्य गाव सांता एलेना, समुद्रसपाटीपासून सुमारे 1400 मीटरवर. दोन-तीन रस्ते, एक चर्च, भात-घेवड्याचं जेवण देणाऱ्या छोट्या खानावळी. त्यांना इथे ‘सोडा’ म्हणतात. गाडीतून उतरलो आणि चेहऱ्यावर बारीक, जवळजवळ न दिसणारी भुरभुर आली. इथले लोक तिला ‘पेलो दे गातो’ म्हणतात, म्हणजे मांजराचे केस. आईने छत्री उघडलीच नाही. म्हणाली, “ह्यो तर आपलोच पावस गो!”

खरं आहे ते. जंगलात शिरलं की झाडाची साल दिसतच नाही, इतकं शेवाळ, नेचे आणि ऑर्किड. आपल्याकडची सीतेची वेणी ओळखणारी आई प्रत्येक फांदीपाशी थांबत होती.

पण हे सगळं आपसूक टिकलेलं नाही. अमेरिकेतल्या अलाबामातून क्वेकर या ख्रिस्ती पंथाची काही कुटुंबं 1951 च्या सुमारास इथे आली. युद्ध त्यांच्या धर्मात बसत नाही. सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिला म्हणून त्यांच्यातले काही तुरुंगातही गेले होते. कोस्टा रिकाने 1948 मध्ये सैन्यच बरखास्त केलं होतं, म्हणून त्यांनी हा देश निवडला. गाई पाळल्या, चीजचा कारखाना काढला, कुरणांसाठी जंगलही तोडलं. मात्र ओढ्यांच्या उगमावरचं जंगल सुरुवातीलाच राखून ठेवलं, कारण कारखान्याला आणि घरांना पाणी तिथूनच येणार होतं. 1972 मध्ये त्यालाच लागून अभयारण्य उभं राहिलं.

मला मात्र सांगायचं आहे ते दुसऱ्या जंगलाबद्दल. सांता एलेनाच्या वर एक राखीव जंगल आहे, 1992 पासून खुलं. ते गावातली माध्यमिक शाळा चालवते. तिकिटाचा पैसा शाळेला जातो. आमच्या वाटाड्याने हे सांगितलं, मी भाषांतर केलं, तर आई तिकीटखिडकीपाशी उभीच राहिली. मग विचारलं, “मगे हेंचा जंगल सरकारान घेऊक नाय?” जागा सरकारचीच आहे, शाळेला चालवायला दिली आहे, असं मी सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही.

ती का गप्प झाली हे आंबोली, गेळे, चौकुळच्या माणसाला सांगावं लागणार नाही. कबुलायतदार गावकर म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सामायिक कसलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सरकारचं नाव लागलं, आणि तो घोळ निस्तरता निस्तरता आईची पिढी म्हातारी झाली. अशा गावाला मुंबई-दिल्लीहून कोणी ‘संवेदनशील’ म्हटलं की त्याच्या कानाला ‘जप्त’ असंच ऐकू येतं.

तरीही माझं मत मी गावच्या ग्रुपवर लिहिलं आणि इथेही लिहिते: क्षेत्र जाहीर झालंच पाहिजे. माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही नावं आपण विसरू शकत नाही. आणि मसुदा वाचलेल्याला माहीत आहे की त्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीजप्रकल्प, अतिप्रदूषक कारखाने आणि मोठमोठ्या बांधकामांवर. राहत्या घराच्या दुरुस्तीला आडकाठी नाही. कौलांची भीती कोणी पसरवली, आणि खाण कोणाला हवी आहे, हे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा.

पण ग्रुपवरच्या माणसांची चूक निम्मीच आहे. उरलेली निम्मी मसुद्याची. पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या गाडगीळ समितीने 2011 मध्येच सांगितलं होतं की हद्दी ग्रामसभांना विचारून ठरवा. नंतरच्या अहवालात मोबदल्याचाही विचार होता. मसुद्यात उतरली ती बंद्यांची यादी. दहा वर्षांत सहा मसुदे निघाले आणि गावाला काय मिळणार, हे एकातही ठळक अक्षरांत लिहिलेलं मला सापडलं नाही.

कोस्टा रिकाच्या 1996 च्या वनकायद्यात जंगल तोडून जमिनीचा वापर बदलायला बंदी आहे. त्याच कायद्यात जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला पैसे द्यायची तरतूद आहे: पाणी, जैवविविधता, निसर्गसौंदर्य आणि हवेतला कार्बन धरून ठेवणं, या चार सेवांसाठी. पैसा येतो तो मुख्यतः इंधनावरच्या करातून, त्याचा 3.5 टक्के हिस्सा. म्हणजे सान होसेत मी गाडीत पेट्रोल भरते, तेव्हा कुठल्या तरी डोंगरावरच्या शेतकऱ्याला झाड उभं ठेवल्याचे पैसे जातात. पुण्या-मुंबईने सह्याद्रीचं पाणी प्यावं आणि सह्याद्रीला काही देऊ नये, हे मला आता सहन होत नाही.

हे फक्त परदेशातच जमतं असंही नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूचा पैसा ग्रामसभेकडे आला. कासच्या पठारावर आजूबाजूच्या गावांची समिती शुल्क घेते आणि फुलं राखते. आपल्या हाताने केलेली कामं आहेत ही.

मोंतेवेर्देची कहाणी सगळीच गोड नाही. जमिनीचे भाव स्थानिकांच्या हाताबाहेर गेलेत, पर्यटकांच्या हंगामात पाण्याची ओढाताण होते. आणि सोनेरी भेक. जगात फक्त याच डोंगरावर असलेला हा नारिंगी बेडूक 1987 मध्ये शेकड्यांनी दिसला, 1989 मध्ये शेवटचा एक. त्यानंतर कोणालाच नाही. एकही झाड न तोडता गेला तो. बुरशीचा रोग आणि कोरडी होत चाललेली हवा, अशी कारणं सांगतात. आंबोलीच्या सड्यावरही, म्हणजे कातळाच्या पठारावर, असाच एक छोटा भेक आहे, 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलेला. त्याला तर मोंतेवेर्देएवढं जंगलाचं संरक्षणही नाही. अभयारण्याच्या माहितीफलकावर सोनेरी भेकाचं चित्र बघताना मला पावसाळ्यात सड्यावर टॉर्च घेऊन फिरणारी आमच्या गावची मुलं आठवली.

मसुद्यावर हरकती घ्यायला 60 दिवस होते. परतायच्या आदल्या रात्री आई माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि आम्ही दोघींनी मिळून पत्र लिहिलं. ‘क्षेत्र हवं. ग्रामसभेला विचारून हवं. राखणीचा मोबदला कायद्यात हवा.’ एवढ्याच तीन ओळी. खाली आईने सही केली, गावाचं नाव घातलं, आणि ‘शाळेचापण विचार करा’ असं स्वतःच्या अक्षरात आणखी एक वाक्य लिहिलं.