या पानाचे पैसे कोण देतं?

"मॅडम, मित्राला जास्त झालीय, गाढ झोपलाय. नेटवर लिहिलंय काळी कॉफी पाजा आणि झोपू द्या. बरोबर आहे ना?"

रात्री पावणेबाराला आलेला एका विद्यार्थ्याचा मेसेज. मी लगेच फोन लावला. त्याला म्हटलं, आधी हाक मार, हलवून बघ. नशीब, मित्राने कुरकुर करत डोळे उघडले. मग त्याला कुशीवर वळवायला आणि रात्रभर एकटं न सोडायला सांगितलं. उठतच नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मला विचारत बसू नकोस, सरळ अँब्युलन्स बोलाव.

कॉफीने झोप उडते, रक्तातली दारू उतरत नाही. ते काम यकृताचं आणि ते आपल्याच चालीने चालतं. शिवाय ग्लास खाली ठेवला तरी पोटातली दारू रक्तात जातच राहते, त्यामुळे झोपल्यावरही नशा चढू शकते. बेशुद्धीत उलटी झाली तर श्वास अडकतो. म्हणून 'झोपू द्या' हा सल्ला इतका घातक.

दुसऱ्या दिवशी त्याने वाचलेलं नेटवरचं ते पान बघितलं. हँगओव्हरच्या गोळ्या विकणाऱ्यांचं होतं!

या मुलाला मी दोष देत नाही. आपण वर्षातून एक व्याख्यान ठेवतो, सडलेल्या यकृताचे फोटो दाखवतो आणि सुटतो. अमेरिकेत 1983 साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' हा शाळांमधला नशाविरोधी कार्यक्रम सुरू झाला, पोलीस वर्गात येऊन 'नाही म्हणा' शिकवायचे. पुढे अनेक अभ्यासांतून दिसलं की मुलांच्या नशा करण्यात त्या कार्यक्रमाने फारसा फरक पडला नव्हता. मला याचं नवल वाटत नाही. घाबरवलेलं पोर एकदा चव घेतं, काही होत नाही, मग आपलं खरं बोलणंही त्याला थाप वाटतं. आणि ज्याने प्रश्न विचारला त्याच्याकडेच आपण संशयाने बघतो. मग तो फोनलाच विचारणार.

म्हणून आता मी वर्गात पानंच उघडते. पहिला प्रश्न एकच: याचे पैसे कोण देतं? लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी 2017 मध्ये मद्यउद्योगाशी जोडलेल्या संस्थांची संकेतस्थळं तपासली. 'जबाबदारीने प्या' म्हणणाऱ्या यातल्या बऱ्याच ठिकाणी कॅन्सरचा धोका वगळलेला किंवा पातळ केलेला आढळला. व्यसनमुक्ती केंद्रांची पानंही मी त्याच नजरेने वाचायला लावते. दर दोन ओळींनी 'आत्ताच फोन करा' असेल तर ती जाहिरात.

मग तारीख. 'रोज एक ग्लास रेड वाइन हृदयाला चांगली' अजून जागोजाग सापडतं. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही.

नशेचे अनुभव सांगणाऱ्यांच्या पोस्ट वाचू नका, असं मी म्हणत नाही. (म्हटलं तरी वाचणारच!) एवढंच सांगते की पोस्ट लिहिणाऱ्याने घेतलेलं नेमकं काय होतं, हे बहुतेकदा त्यालाही ठाऊक नसतं.

काल त्याच मुलाने एक लिंक पाठवली. "मॅडम, पार तळापर्यंत गेलो, पैसे कुणाचे ते सापडत नाही." मलाही सापडलं नाही. पुढच्या तासाला तेच पान उघडणार आहे.